जाळे उचलून ठेवण्याचा काळ

मूळ वचने : अनुवाद २२:६, ७, लूक ५:१-११



मृगाचा पाऊस लागला, ओढ्यांना तांबडे पाणी आले, की आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील गावोगाव एकच हाक उठते, "मासे चढू लागले!" मग कोणी कंदील, कोणी विजेरी, कोणी टोपली, तर कोणी जुने लुगडे घेऊन ओढ्याकडे धावतो. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा ह्यांच्या डोहांतून मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत शिरतात, ओढ्यांतून ओघळींत जातात, आणि ओघळींतून कधी कधी भाताच्या खाचरांपर्यंत पोहोचतात. ह्यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. वर्षभर गळ टाकून बसला तरी ज्यास बोटाएवढा मासा लाभला नाही, असा मनुष्यही त्या रात्री टोपली भरून घरी येतो.

परंतु तो मासा त्या रात्री इतका सहज का सापडतो, ह्याचा विचार आपण क्वचितच करितो. तो अंडी घालावयास निघालेला असतो. त्यास आपल्या जिवाची पर्वा राहिलेली नसते. त्याच्या पोटी पुढच्या वर्षाचे मासे असतात.

आता मोशेच्या नियमशास्त्रातील एका लहानशा आज्ञेकडे पाहा. वाटेने जाताना झाडावर अथवा भूमीवर पक्ष्याचे घरटे आढळले, आणि मादी पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर मनुष्याने पिल्ले घ्यावी. मादीस मात्र जाऊ द्यावे, असे तेथे सांगितले आहे. आज्ञा लहान दिसते. पण तीस जोडलेले अभिवचन लहान नाही. असे केल्याने तुझे बरे होईल व तू दीर्घायुषी होशील, असा तिचा आशय आहे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेस जे अभिवचन आहे, तेच ह्या घरट्याच्या आज्ञेस आहे! देवाने मनुष्यास खाण्याची मनाई केली नाही. मूळच उपटू नको, एवढेच त्याने सांगितले. जो नियम घरट्यास तोच पाण्यास लागू आहे, हे समजावयास मोठी विद्या नको.

ज्यांनी वाईजवळील धोमच्या जलाशयावर, साताऱ्याजवळील कण्हेर व उरमोडीच्या पाण्यावर, किंवा खटाव तालुक्यातील येरळवाडीच्या तलावावर भोई बांधवांचे काम पाहिले असेल, त्यांस ठाऊक आहे की ह्या धंद्यात प्रत्येक ऋतूची शिकवण निराळी असते. हिवाळ्यात पाणी निवळशंख व थंडगार होते, मासा खोल जातो, खाणे कमी करितो. तेव्हा संध्याकाळी जाळे लावावे, पहाटे काकडत जाऊन काढावे, आणि जे मिळेल त्यात समाधान मानावे. हा धीराचा ऋतू होय.

उन्हाळ्यात पाणी हटते, बुडालेल्या शिवारांचे बांध उघडे पडतात, आणि मासे उरल्यासुरल्या डोहांत दाटीने राहतात. हा मोहाचा ऋतू होय. कोणी इतक्या बारीक आसाचे जाळे ओढतो की त्यातून बोटाएवढे पिल्लूही निसटत नाही. कोणी डोहात विषारी पूड टाकतो, कोणी सुरुंगाची दारू उडवितो. ह्या देशात १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानेच पाण्यात सुरुंग उडवून वा विष घालून मासे मारणे गुन्हा ठरविले आहे. तरी अंधाराचे काम अंधारात चालतेच. ह्याच ऋतूत थोड्या पाण्यास घाणीचा भार सोसत नाही. २०२३ सालच्या मार्च महिन्यात सांगलीजवळ अंकली येथे कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला, तो आपल्यापैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

मग पावसाळा येतो. हा जाळे उचलून ठेवण्याचा ऋतू होय. कोकणच्या किनाऱ्यावर जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौका बंदरात उभ्या राहतात, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. समुद्रासारख्या अफाट पाण्यास जर विसाव्याची गरज आहे, तर आपल्या ओढ्यास नाही काय?

कोणी म्हणेल, "तलावात दर वर्षी नवे मत्स्यबीज सोडतात, मग चढणीचे चार मासे धरल्याने काय बिघडते?" ह्याचे उत्तर दिले पाहिजे. कटला, रोहू व मृगळ हे मासे तलावाच्या निश्चल पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांस पुराचे वाहते पाणी लागते. चांगल्या वाढलेल्या रोहूच्या मादीपोटी लाखो अंडी असतात, तरी बांधलेल्या पाण्यात ती व्यर्थ जातात. १९५७ साली १० जुलै रोजी ओडिशात हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी ह्यांनी माशाच्या मस्तकातील एका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांकडून तळ्यातच अंडी घालविली. तेव्हापासून बोटुकली तयार करून तलावांत सोडणे सोपे झाले, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस पाळतात. देवाने दिलेल्या बुद्धीचा हा चांगला उपयोग आहे. परंतु ओढ्यातल्या लहानसहान माशांचे बी कोण विकतो? त्यांचे बी त्यांच्या पोटातच असते. ते एकदा संपले म्हणजे कोणत्याही बाजारात मिळत नाही.

मरळ मासा तर ह्या बाबतीत आपला गुरू शोभेल. पिल्ले निघाली म्हणजे आईबाप त्यांस सोडून जात नाहीत. तांबूस पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागी हिंडतो, आणि खाली आईबाप राखण करितात. धूर्त मनुष्य तो थवा पाहतो व त्याच्याजवळ गळ टाकतो. कारण पिल्लांवर घाला आला असे समजून मोठा मासा धावून येतो. बंधूंनो, हा मासा भुकेने सापडत नाही. तो मायेने सापडतो. नंतर ती पोरकी पिल्ले ज्याच्या त्याच्या भक्ष्यस्थानी पडतात. मोशेने ज्या मादीस सोडावयास सांगितले, ती हीच नव्हे काय?

येथे मला माझा स्वतःचा दोष कबूल केला पाहिजे. मी नवाच पाळक होऊन एका ओढ्याकाठच्या गावी गेलो, तेव्हा पहिल्याच आषाढात एका घरून गाभोळीने भरलेले मासे आले. मी देवाचे उपकार मानून ते आनंदाने खाल्ले, व मंडळीपुढे त्यांची स्तुतीही केली. दुसऱ्या दिवशी गावचे एक वृद्ध मासेमार माझ्या ओसरीवर येऊन बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाळकसाहेब, रागावू नका. पर पेरायचं बी दळून खाल्लं, तर म्होरल्या साली पेरायचं काय?"

मला लाज वाटली. तरी मी विचारले, "बाबा, आपण म्हणता ते खरे. पण ह्या दोन महिन्यांत आपल्या घरची चूल कशी पेटते?"

ते ओढ्याकडे पाहत म्हणाले, "उसनवारीवर. यापाऱ्याकडनं घ्यायचं, आन् दसऱ्याला मासा त्यो म्हणंल त्या भावानं घालायचा."

प्रियजनहो, त्या दिवशी मला ह्या आज्ञेची दुसरी बाजू दिसली. जाळे उचलून ठेवा, असा उपदेश करणे मला फुकट होते. माझे वेतन पावसाळ्यात थांबत नव्हते. परंतु त्या वृद्धाने जाळे खुंटीस टांगले की त्याच्या नातवंडांचे ताट रिकामे होत होते. बी राखले त्याने. त्याचा लाभ पुढे साऱ्या गावास. आणि उपास मात्र त्याच्या एकट्याच्या घरी! हा न्याय आहे काय? ज्या आज्ञेचे फळ सर्वांनी खावयाचे, तिचे ओझे सर्वांनी वाहिले पाहिजे.

आता लूककृत शुभवर्तमानातील प्रसंग पाहू. शिमोन पेत्र व त्याचे सोबती गनेसरेतच्या सरोवरावर रात्रभर कष्टले व त्यांस काही मिळाले नाही. सकाळी ते जाळी धूत होते. रात्री मासा जाळे पाहत नाही, दिवसा पाहतो. म्हणून दिवसा जाळे टाकणे व्यर्थ, हे पेत्रास पक्के माहीत होते. तरी प्रभूच्या शब्दावर त्याने खोल पाण्यात जाळे टाकले, आणि जाळी फाटू लागण्याइतके मासे सापडले. येथपर्यंत आपण पुष्कळ वेळा उपदेश ऐकला आहे. परंतु त्याच अध्यायात पुढे काय घडले? मचवे काठास लागल्यावर त्यांनी सर्व सोडले व ते प्रभूच्या मागे गेले. आयुष्यातील सर्वांत मोठी कमाई हाती आलेली असताना त्यांनी जाळे खाली ठेवले! टाकावयाचे ते त्याच्या शब्दावर, आणि ठेवावयाचे तेही त्याच्यासाठी. पहिली आज्ञा आपणांस गोड लागते, कारण तिच्यामागे भरलेली टोपली दिसते. दुसरीत विश्वासाची खरी परीक्षा होते.

आणि जो जाळे खाली ठेवावयास लावतो, तो उपाशी ठेवीत नाही. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या किनाऱ्यावर उभा आहे. शिष्यांचे मासे काठास येण्यापूर्वीच निखाऱ्यांवर मासळी व जवळ भाकर तयार आहे. त्याने आधी त्यांस न्याहारी दिली. त्यानंतर मेंढरे चारण्याची आज्ञा दिली. आज तो निखारा पेटविण्याचे काम त्याने आपल्या हातांत दिले आहे.

ह्यास्तव माझी विनंती ऐका. ज्या गावी मासेमारीवर जगणारी घरे आहेत, मग ती आपल्या मंडळीची असोत वा नसोत, तेथे ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत प्रत्येक घराने स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ धान्य वेगळे काढावे. मंडळीच्या पेटीतून शक्य तितकी रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी, म्हणजे दसऱ्याचा मासा त्यांस रास्त भावाने विकता येईल. उपदेशक बंधूंनी चढणीच्या दिवसांत कोणी प्रेमाने गाभोळी आणली, तर प्रेमानेच ती का नको हे समजावून सांगावे. मुलांस ओढ्यावर नेऊन मरळीच्या पिल्लांचा थवा दाखवावा, आणि हात न लावता परत आणावे. तो धडा ती जन्मभर विसरणार नाहीत.

हीच गोष्ट आपल्या घरांतही ओळखा. बारा वर्षांच्या मुलास शाळेतून काढून ऊसतोडीस धाडिले, तर त्या हंगामी घरात चार पैसे अधिक येतील. पण ते बियाणेच दळून खाणे होय. गरिबीमुळे कोणी असे करू लागला, तर त्यास नुसता दोष देऊ नका. त्याच्या दारी धान्य घेऊन जा, आणि मग बोला.

ते वृद्ध गृहस्थ आता प्रभूमध्ये निजले आहेत. त्यांच्या शेवटच्या वर्षांत आमच्या मंडळीने दोन पावसाळे त्यांच्या घरी धान्य पोहोचविले; अधिक आधी सुचले नाही, ह्याचे मला दुःख आहे. गेल्या मृगात मी त्या ओढ्याच्या काठी उभा होतो. तांबड्या पाण्यात एक मासा धारेवर उडी घेई, पडे, पुन्हा उडी घेई. शेजारी उभ्या मुलाच्या हाती काठी होती. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि काठी खाली ठेविली. मासा वर गेला.

ज्याने पाण्यास जीवजंतूंनी भरून जाण्याची आज्ञा केली, तो परमेश्वर आपणांस जाळे टाकण्याचे बळ देवो, जाळे उचलून ठेवण्याचा विश्वास देवो, आणि उचलून ठेवणाऱ्याच्या घरी भाकर नेण्याची प्रीती देवो. आमेन.