म्हणे, शेतकरी तयार नव्हते

लाओसच्या क्रांतीची पन्नाशी झाली आणि अपेक्षेप्रमाणे तिचे नेते केसोन फोमविहान पुन्हा 'द्रष्टे' ठरले. गोल आकड्याचा वाढदिवस आला की लिहिणाऱ्यांची स्मरणशक्ती रजेवर जाते, हे माझं जुनं मत. 1986 साली बाजाराची दारं उघडणारे केसोन परिच्छेदच्या परिच्छेद; 1978 साली सामुदायिक शेती रेटणारे केसोन एका ओळीत. ती ओळ अशी : धोरण योग्य होतं, शेतकरी अजून तयार नव्हते.

कशाला तयार नव्हते? आदल्या वर्षी दुष्काळ, त्या वर्षी पूर, आणि वर फर्मान की जमीन, नांगर, रेडा सगळं सहकारी संस्थेत जमा करा. काहींनी जनावरं कापली, काहींनी विकली, काहींनी मेकाँग ओलांडून थायलंड गाठला. सगळ्यांचा झालेला रेडा कोणाचाच राहत नाही, हे ज्याला आधीच उमगलं तो म्हणे तयार नव्हता! राजधानी व्हिएन्तियानच्या कचेरीत बसलेल्यांपेक्षा त्याची तयारी चांगली होती. 1979 च्या मध्यावर मोहीम गुंडाळावी लागली, डिसेंबरात खासगी व्यापाराला मोकळीक मिळाली. पुढे 1986 मध्ये 'चिंतनाकान माय', म्हणजे नवा विचार, आला आणि हाच शेतकरी एकाएकी तयार निघाला. मधल्या सात वर्षांत त्याने कुठला क्लास लावला होता?

त्या काळच्या हलाखीची अमेरिकी बॉम्ब, थायलंडने अडवलेली सीमा, रुसलेला पाऊस ही कारणं खरी आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही; भांडण आहे ते त्या एका ओळीशी.

चूक सुधारणाऱ्याला मान जरूर द्यावा. पण त्याच्या शिकवणीची फी कोणी भरली, तेही त्याच पानावर छापावं. तसे केसोन बरेच म्हणायला हवेत. वर्ष-सव्वा वर्षात माघार घेतली. बाकीच्यांना तेही जमत नाही, ते सरळ पुढची पंचवार्षिक योजना काढतात. 1981 मध्ये केसोन यांनीही पहिली काढलीच म्हणा.

आता लाओसच्या चलनाच्या, किपच्या, बहुतेक नोटांवर त्यांचाच चेहरा आहे. 2022 मध्ये किप गडगडला, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला महागाई 40 टक्क्यांवर गेली. दरम्यान पंतप्रधान फानखाम विफावान वय आणि तब्येत सांगून पायउतार झाले. जागेवर आले सोनसाय सिफानदोन, माजी नियोजनमंत्री. गोल आकडा नसल्याने कोणी त्यांना द्रष्टे म्हटलं नाही, एवढंच. पण एक दिसतं : देश तोट्यात गेला तरी नियोजन करणारा बेकार राहत नाही.