मधला बिंदू

शेजारचा मुलगा परवा तिन्हीसांजेला वही घेऊन आला. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये असलेल्या वस्तूवर एकंदर ओढ किती, असे ते गणित होते. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तरालाही ते उलगडले. दोन ओढी विरुद्ध दिशांच्या, म्हणून वजाबाकी करावयाची. पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे ८१ पट. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. ८१ चे वर्गमूळ ९. तेव्हा मधल्या ३,८४,००० किलोमीटरांचे दहा भाग केले, की पृथ्वीपासून नऊ भागांवर, म्हणजे ३,४५,६०० किलोमीटरांवर, उत्तर शून्य येते.

"म्हणजे तिथे कुणीच ओढत नाही?" त्याने विचारले.

'हो' म्हणता म्हणता मी थांबलो. ओढतात की, दोघेही! शून्य आहे ते वजाबाकीचे. शिवाय ती वस्तू केसभर इकडे वा तिकडे सरली, की त्या बाजूची सरशी झालीच.

मामांच्या मागे माझ्या दोन मामेभावांत घराच्या वाटणीवरून बिनसले, तेव्हा मीही असाच मधला बिंदू गाठून बसलो होतो. दोघांकडे चहा घेई. मत कुणालाच देत नसे. याला मी निःपक्षपातीपणा समजत असे. कादंबरीकाराला सगळ्यांच्या बाजू कळतात, हा आमचा आवडता गैरसमज!

"आणि सूर्य?" मुलगा म्हणाला.

पुस्तकातले आकडे घेऊन हिशेब केला. त्या बिंदूवर सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या जवळजवळ पावणेदोन पट निघाली! पृथ्वी आणि चंद्र दोघेही त्याच ओढीत फिरतात, म्हणून असल्या गणितात ती वगळली तरी चालते.

मला मामी आठवल्या. दोघांनाही त्यांनीच वाढविले. म्हणूनच की काय, वाटणीच्या कागदावर त्यांची खोली मांडावयाचे कुणालाच सुचले नाही. मला सुचले होते. पण तोंड उघडले असते, तर एक भाऊ दुरावला असता, कदाचित दोघेही. त्या भीतीलाच मी समतोल म्हणत होतो. आता मामी सहा महिने एकाकडे आणि सहा महिने दुसऱ्याकडे असतात. ट्रंकेतले सामान मात्र कुठेच बाहेर काढून लावीत नाहीत.

"काका, उत्तर शून्यच लिहू ना?"

"लिही," मी म्हणालो. पुस्तकात तेच होते.

तो गेल्यावर धाकट्या मामेभावाला पत्र लिहावयास घेतले. मामी सध्या त्याच्याकडे आहेत.