शिकलेले हात, द्रवलेले हृदय

(सामान्यकाळातील पंधरावा रविवार – वर्ष 'क' : लूक १०:२५-३७)



आजच्या शुभवर्तमानातील शास्त्री येशूला प्रश्न विचारतो, पण उत्तर त्याला आधीच पाठ असते. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे तो बिनचूक सांगतो. तरीही येशू त्याला यरीहोच्या रस्त्यावर नेतो. याजक आणि लेवी यांनाही नियमशास्त्र ठाऊक होते. ते बाजूने निघून गेले.

पाठ असणे आणि हातून घडणे यांतील हे अंतर कसे मिटवावे? परिचारिकांना शिकवणाऱ्या पॅट्रिशिया बेनर यांनी याच प्रश्नाचा ध्यास घेतला. त्या सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होत्या. १९८४ साली त्यांनी 'फ्रॉम नोव्हिस टू एक्सपर्ट' हे पुस्तक लिहिले. नवशिकी परिचारिका नियमांच्या आधाराने चालते. पाच पायऱ्या चढून ती निष्णात होते. अशा निष्णात परिचारिकेला रुग्णाचे काही बिनसले आहे हे पुष्कळदा यंत्रावरील आकडे बदलण्याआधीच जाणवते. ही जाण वर्गातील फळ्यावरून येत नाही. ती खाटेपाशी, रात्रपाळीत, अनुभवी शिक्षिकेच्या नजरेखाली येते. सद्‌गुण आचरणानेच अंगी बाणतो, हे अॅरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितले होते. ते इथे वॉर्डात प्रत्ययास येते.

२०१० साली बेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील परिचारिका-शिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्ग आणि वॉर्ड यांची फारकत थांबवा, असा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थिनीने तीन गोष्टी एकत्रच शिकाव्यात : ज्ञान, कौशल्य आणि शील.

आता शोमरोनी माणसाकडे पाहू या. त्याचे हृदय द्रवले, हे शील. जखमेवर तेल व द्राक्षारस घालून पट्ट्या बांधाव्यात हे त्याला माहीत होते, हे ज्ञान. ते त्याने स्वतःच्या हातांनी केले, हे कौशल्य. नुसता कळवळा असता तर तो जखमीपाशी बसून रडला असता. नुसते ज्ञान असते तर तो लेव्यासारखा पुढे गेला असता.

आपल्या घरांत अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत. त्यांच्यावर आपली माया आहे. पण त्यांना वेळोवेळी कुशीवर वळवले नाही, तर मायेच्या घरातही पाठीला जखमा होतात. प्रेमालाही शिकावे लागते. धर्मग्रामातील परिचारिका भगिनींना विचारा; त्या आनंदाने दाखवतील. आणि इस्पितळात एखादी शिकाऊ मुलगी रक्तदाब घ्यायला आली, तिचा हात थरथरला, तर "मोठ्या सिस्टरला बोलवा," असे लगेच म्हणू नका. ती कुणाच्या तरी खाटेपाशीच शिकणार आहे. थोडा धीर धरणे हीदेखील आपली सेवा आहे.

आपल्या श्रद्धेचेही असेच आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले दयेची कृत्ये पाठ करतात. त्यांना एकदा तरी आजारी शेजाऱ्याच्या घरी घेऊन जाऊ या. धडा तिथे पुरा होतो.

शास्त्र्याला येशूने शेवटी आणखी काही समजावले नाही. जाऊन तसेच करायला सांगितले. आज मिस्सा संपल्यावर आपल्यालाही तो तिथेच पाठवत आहे.

प्रभू आपल्या हातांना शिकवो आणि हृदयाला द्रव देवो. आमेन.