आंधळी बाई आणि खोटें भिंग

गेल्या हिवाळ्यांत एके सायंकाळीं माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी घरीं आला आणि स्वतः काढलेलें एक छायाचित्र त्यानें माझ्यापुढें ठेविलें. स्टेशनच्या बांकावर एक वृद्ध बाई गांठोडें उशाला घेऊन झोंपली आहे. तिच्या चेहऱ्यावर तिरपा उजेड पडला आहे. चित्र खरोखरच चांगलें होतें. मीं उजेडाची वाखाणणी केली, चहा झाला, आणि आपण छायाचित्रकारच होणार असें सांगून तो मोठ्या उत्साहानें निघून गेला. तो गेल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, जो प्रश्न विचारावयास हवा होता तो मीं विचारलाच नाहीं : त्या बाईला हें ठाऊक आहे काय ?

प्रश्न नवा नव्हे. १९१६ सालीं न्यू यॉर्कच्या रस्त्यांतून हिंडणाऱ्या पॉल स्ट्रँड नांवाच्या एका तरुणाच्या उदाहरणांत तो जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. स्ट्रँडचा जन्म १८९० चा. शाळेंत लुइस हाइन हे त्याला कॅमेऱ्याचे शिक्षक लाभले. ते मुलांना घेऊन आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याच्या चित्रदालनांत गेले, आणि तेथील चित्रें पाहून या मुलानें आपल्या आयुष्याचा मार्ग ठरविला. त्या काळीं छायाचित्राला कलेचा मान मिळावा म्हणून तें रंगचित्रासारखें धूसर काढण्याची चाल होती. स्ट्रँडही कांहीं वर्षें तसेंच काढीत असे. स्टीग्लिट्झनें त्याला सांगितलें कीं, या मऊ भिंगानें गवत, पाणी आणि झाडाची साल हीं सारीं सारखींच दिसूं लागतात. शिकाऊ कलावंताला इतकें नेमकें बोलणारा कोणी भेटावा, हें भाग्यच म्हटलें पाहिजे. स्ट्रँडनें धूसरपणा टाकला. १९१६ च्या उन्हाळ्यांत ट्विन लेक्स येथें तो साधे वाडगे आणि ओसरीवरील सावल्या यांचींच चित्रें काढीत बसला. चित्राची बांधणी कशी होते एवढेंच त्याला समजून घ्यावयाचें होतें.

त्यानंतर त्याला माणसें हवीं होतीं, पण कॅमेऱ्याकडे पाहणारीं नव्हेत. त्यानें कॅमेऱ्याच्या बाजूला एक चकचकीत खोटें भिंग बसविलें. तें एकीकडे रोखलेलें दिसे आणि खरें भिंग काखेखालून दुसरीकडेच पाहत असे. याच सुमारास त्यानें त्या आंधळ्या बाईचें चित्र काढलें. मागें दगडी भिंत, समोर भरगच्च चेहरा, एक डोळा मिटल्यासारखा, दुसरा एकीकडे वळलेला. गळ्यांत ‘आंधळी’ अशा अर्थाच्या ठळक अक्षरांची पाटी, आणि तिच्यावर परवान्याचा बिल्ला, क्रमांक २६२२. १९१७ च्या जूनमध्यें स्टीग्लिट्झनें आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाच्या अखेरच्या अंकांत स्ट्रँडचीं अकरा चित्रें छापलीं, आणि त्यांत हेंही होतें. तरुण स्ट्रँडची महत्त्वाकांक्षा सफल झाली. चित्रांत त्या बाईचा क्रमांक राहिला. नांव राहिलें नाहीं.

स्ट्रँडचें समर्थन पोकळ नव्हे. कॅमेरा दिसतांच मनुष्य चेहरा घालतो, हें कोणास ठाऊक नाहीं ? आपल्या घरांतील जुनीं कुटुंबचित्रें पाहावीं. पगडी, काठी, मेजावर टेकलेला हात. आजोबा त्यांत सर्व कांहीं आहेत, फक्त आजोबा नाहींत. तेव्हां न विचारतां घेतलेला चेहराच खरा, असें एखाद्या कलावंतास वाटल्यास नवल नाहीं.

परंतु त्याच्या गुरूचीही हकीकत याच संदर्भांत पाहण्यासारखी आहे. हाइन १९०८ पासून बालकामगारविरोधी समितीसाठीं गिरण्यांतून आणि खाणींतून राबणाऱ्या मुलांचीं चित्रें काढूं लागले. मालक आंत येऊं देत नसत, म्हणून त्यांनींही सोंगें घेतलीं. कधीं तपासनीस, कधीं बायबल विकणारा. म्हणजे फसवणूक दोघांनींही केली. पण हाइन यांनीं फसविलें तें दाराशीं उभ्या असलेल्या सामर्थ्यवानाला. आंत गेल्यावर तें पोर त्यांच्या कॅमेऱ्याकडे सरळ पाहत उभें असे. स्ट्रँडनें फसविलें तें ज्याचें चित्र घ्यावयाचें त्यालाच. नीतीचा सारा फरक मला येथें दिसतो. शिवाय खोटें भिंग ही त्याच्याविरुद्धची साक्षच आहे : विचारण्याची गरज ज्याला वाटत नाहीं तो लपवीत नाहीं. आणि त्या बाईच्या बाबतींत तर तें भिंगही अनावश्यक होतें !

असें असूनही तें चित्र काढलें गेलें नसतें तर बरें झालें असतें, असें मला म्हणवत नाहीं. हजारों लोक तिच्यापुढून न पाहतां गेले असतील. तें चित्र पाहणाऱ्याला तसें जातां येत नाहीं. पण या पाहण्यापासून तिला काय मिळालें ? लाभ स्ट्रँडचा झाला, आणि तें चित्र पाहून धन्यता मानणाऱ्या आपणां सर्वांचा. चोरीचा माल घरांत असेल, तर त्यांत आपलाही वांटा आहे.

आणखी एक गोष्ट. मेक्सिकोंतही स्ट्रँडनें अशीच युक्ति वापरली, तेव्हां ती निव्वळ तारुण्याची लहर नव्हती. मात्र १९५३ त, साठी उलटल्यावर, इटलींतील लुझारा गांवीं त्यानें एका कुटुंबाचें चित्र काढलें. घराच्या दारांत उभी आई आणि भोंवतीं तिचे मुलगे. सर्वांना कॅमेरा ठाऊक आहे आणि एकाचाही चेहरा खोटा नाहीं. जाणता चेहरा खोटाच असतो, हा त्याचा जुना युक्तिवाद त्याच्याच हातानें मोडला. त्याला सदतीस वर्षें लागलीं. विशीबाविशीच्या मुलाकडून तें आजच मागावें काय, हें मला ठरवितां येत नाहीं.

तो विद्यार्थी परवां पुन्हां आला, तेव्हां मीं विचारलें. तो म्हणाला, “सर, तिला उठवलं असतं, तर हे चित्र मिळालं असतं का ?” मीं म्हणालों, “नसतं मिळालं. पण जागी झाल्यावर दाखवतां आलं असतं.” तो कांहीं वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “माझी गाडी सुटत होती.” चित्र मात्र तो माझ्याकडेच ठेवून गेला. तें टेबलावर आहे, आणि इतकें सगळें लिहून झाल्यावरही त्याकडे पाहतांना माझी दृष्टि प्रथम उजेडावरच जाते.