पशूचा जीव ओळखणे

रायपूरचा वैशाख माणसाला जसा सोसवत नाही, तसा जनावरालाही सोसवत नाही. वार्धक्याचेही तसेच आहे. आजोबांचे गुडघे धरतात, आणि दाराशी निजणाऱ्या बारा वर्षांच्या कुत्र्यालाही उठताना मागचे पाय ओढावे लागतात. संधिवात, मधुमेह, मोतीबिंदू, अपस्मार, हिरड्यांचे विकार ही दुखणी पाळीव प्राण्यांनाही होतात. अशा मुक्या वेदनेविषयी ख्रिस्ती मनुष्याचे काही कर्तव्य आहे काय?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पशूंसाठी आलेला ‘नेफेश हय्या’ हा इब्री शब्दप्रयोग दुसऱ्या अध्यायात मनुष्यासाठीही येतो. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे हे खरेच. परंतु श्वास घेणारा जीव या नात्याने तो पशूंचा सोबती आहे. शिवाय तो त्यांचा ऋणीही आहे. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला, तो स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करून. पुढे कित्येक दशके गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिनवर असंख्य मधुमेही जगले.

मग दया पुरेशी आहे काय? नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान मनुष्य व त्याचा पशू यांच्या संबंधात ‘यादा’ हे क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ जाणणे, ओळखणे. ‘काळजी घेणे’ हे भाषांतर चुकीचे नाही. पण त्यात ओळखीची छटा निसटते. त्याच वचनाचा उत्तरार्ध दुर्जनांची करुणाही क्रूर असते, असे बजावतो.

ओळखीवाचून केलेली दया सज्जनाच्या हातूनही क्रूर ठरू शकते. तापाने फणफणलेल्या मांजराला कोणी मायेने आपली पॅरासिटामॉलची गोळी देतो. परंतु मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, आणि एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते. डायक्लोफेनॅक हे माणसाच्या सांधेदुखीवरचे औषध गुरांना देण्यात येऊ लागले. गुरांना आराम पडला. पण औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. १९९०च्या दशकापासून भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. दुखणे सारखे असले तरी देह सारखा नसतो.

कोणी म्हणेल, शेजारच्या गरिबाला औषध मिळत नाही, तेथे कुत्र्यामांजरांचे कसले लाड? आक्षेप गंभीर आहे. परंतु शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाला वर काढणे प्रभू येशू गृहीत धरतो, आणि त्यावरूनच रोग्याला बरे करणे योग्य ठरवतो. पशूवरील दया व माणसावरील दया त्याच्या दृष्टीने परस्परांच्या वैरिणी नाहीत. नाथानाच्या दृष्टांतात मेंढीला आपल्या घासातला घास देणारा मनुष्यही गरीबच होता.

ओळखायला पैसा लागत नाही, लक्ष लागते. मांजर कोपरा धरून का बसले, कुत्र्याने अन्न का टाकले, हे पाहावे. आपल्या कपाटातील गोळी देण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे. ज्याला मुक्या प्राण्याचे दुखणे ओळखू येते, त्याला न बोलता सोसणाऱ्या वृद्ध पित्याचेही ओळखू येईल. बलामाच्या गाढवीला वाचा फुटली ती एकदाच. एरवी ओळखण्याचे काम देवाने आपल्यावरच सोपवले आहे.