चार हात पुढची जमीन

जैन मुनींच्या चालण्याला एक नियम आहे, ईर्यासमिती. दिवसाउजेडी, मळलेल्या वाटेनं, चार हात पुढची जमीन निरखत चालायचं. पायाखाली किडामुंगी येता कामा नये. लहानपणी सांगलीकडे मुनिसंघामागे आम्ही पोरी पळायचो, तेव्हा महाराज एवढे सावकाश का चालतात, याचाच कंटाळा यायचा. आता पुण्यात औंधच्या डीपी रोडवरून भाजी आणताना वाटतं, त्यांनी आधी वेग आवरला, अहिंसा त्यानंतरच शक्य झाली. चार हात म्हणजे सहा फूट. ताशी 30 किलोमीटरनं जाणारी गाडी ते अंतर पाव सेकंदात ओलांडते. तेवढ्यात काय दिसणार आणि काय वाचणार? 2020 साली स्टॉकहोमच्या रस्ता सुरक्षा परिषदेनं, जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे हीच 30ची मर्यादा मागितली. विचार माणसांपुरता होता, मुंगीचा नव्हे. तरी वाट बरोबर आहे.

म्हणून स्मार्ट सिटीच्या कामात हा डीपी रोड बदलला, पदपथ ऐसपैस झाले, बसायला बाकं आली, तेव्हा मला ते नुसतं महापालिकेचं काम वाटलं नाही. दुकानदार पार्किंगवरून कुरकुरले. दुचाकीवाले अजूनही पदपथावर चढतात, तो भाग सोडा. पण पावसाळ्यात गोगलगाय दिसली, तर तिला वळसा घालण्याएवढी सवड इथे पायांना मिळते. पूर्वी दिसायचा तो डांबरावरचा डाग.

आमच्या सोसायटीतले एक काका म्हणतात, हे जपून चालणं साधूंसाठी. आपण श्रावक, म्हणजे गृहस्थ, आपल्याला अणुव्रतं, म्हणजे छोटी व्रतं पुरेत. खरं आहे. पण श्रावकाला गुणव्रतंही आहेत. दिग्व्रत म्हणजे कुठल्या दिशेला किती लांब जायचं, याची मर्यादा. माझ्या आजीनं कोल्हापूर-मिरजेपलीकडे न जाण्याचं व्रत घेतलं होतं आणि नातवाच्या लग्नालाही ती पुण्याला आली नाही. एवढं कडक मला जमणार नाही. यजमानांना डायलिसिसला न्यायचं तर मी गाडीच काढते. पण अनर्थदंडव्रताचं काय? गरज नसताना घडणारी हिंसा टाळा, असं ते व्रत सांगतं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी कोपऱ्यापर्यंत गाडी नेणं यात बसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दशलक्षण पर्वात आम्ही प्रवचनाला जातो. कांदा-बटाटा का सोडायचा, यावर तासभर ऐकतो. बाहेर पदपथावर श्रावकांच्याच गाड्या ओळीनं लागलेल्या असतात आणि काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या वाहत्या रस्त्यात उतरून देवळाचं दार गाठतात. यंदा मी विश्वस्तांना विचारलं, पर्वापुरत्या तरी या गाड्या मैदानावर लावता येतील का? ते म्हणाले, लोक नाराज होतील. मी म्हटलं, कांदा सोडायला सांगितला तेव्हा नाही झाले?