ताटाचा हिशोब आणि अमानतीचे शरीर





प्रत्येक पावसाळ्याच्या आरंभी अचलपूर, दर्यापूर, बाळापूर, अकोट, मूर्तिजापूर अशा गावांतून शेकडो मुले-मुली शिक्षणासाठी अमरावती आणि अकोल्याला येतात. कोणी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात प्रवेश घेतो, कोणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, कोणी या शहरांतील एखाद्या महाविद्यालयात. घर सुटते, त्यासोबत घरचे ताटही सुटते. आईने वाढलेली ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी मागे राहते. पुढ्यात येतो तो मेसचा डबा, कँटीनमधील आलूबोंडा, रात्री अकरा वाजता भूक लागली म्हणून खाल्लेले नूडल्स आणि थंड पेयाची बाटली. प्रथमच ‘काय खायचे’ हा निर्णय त्या तरुणाच्या हाती येतो, आणि त्याच हातात मोबाईलही असतो.

हा मोबाईल दोन्ही बाजूंनी बोलतो. एक ॲप सवलतीचे आमिष दाखवून मध्यरात्री खाद्यपदार्थ दारात आणून देते. दुसरे ॲप विचारते की आज काय खाल्ले, किती पाणी प्याले, किती पावले चाललात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे ॲप भारतीय पदार्थांतील पोषणमूल्ये कळावीत म्हणून तयार केले. २०१८ साली सुरू झालेली ‘ईट राइट इंडिया’ ही मोहीम आणि २०१९ पासूनची ‘फिट इंडिया’ चळवळ यांनीही मोबाईलचा आधार घेतला आहे. अशा वेळी श्रद्धावंत विद्यार्थ्यापुढे प्रश्न उभा राहतो : हे केवळ शरीर सुडौल करण्याचे खेळणे आहे, की यात दीनचाही काही संबंध आहे?

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. इस्लामच्या दृष्टीने शरीर ही आपली मालमत्ता नसून अल्लाहने काही काळासाठी सोपविलेली अमानत आहे. तिर्मिजीमधील एका हदीसनुसार, निवाड्याच्या दिवशी माणसाला ज्या गोष्टींचा जाब द्यावा लागेल त्यांत त्याने आपले शरीर कशात झिजविले हा प्रश्नही असेल. बुखारीमधील दुसऱ्या हदीसमध्ये आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आरोग्य आणि सवड या दोन देणग्यांविषयी सावध केले आहे, कारण त्यांच्या बाबतीत बहुतेक लोक तोट्यात राहतात. विद्यार्थिदशेत या दोन्ही देणग्या एकाच वेळी हाती असतात, म्हणून तोट्याची शक्यताही तेव्हाच अधिक असते.

ही काळजी काल्पनिक नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार भारतातील एकूण रोगभारापैकी सुमारे ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडलेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यांपैकी अनेकांच्या रोगाचे बीज तरुणपणाच्या सवयींत पेरले गेलेले असते. विसाव्या वर्षी जिभेने केलेल्या उधारीची फेड चाळिसाव्या वर्षी शरीराला करावी लागते.

आता ॲपच्या मूळ कल्पनेकडे पाहू. त्याचे काम नोंद ठेवण्याचे आहे. जे आपण नकळत खातो ते लिहिले की डोळ्यांसमोर येते. ही कल्पना आपल्याला परकी नाही. हजरत उमर (रजि.) यांची शिकवण होती की, हिशोब घेतला जाण्यापूर्वी माणसाने स्वतःचा हिशोब स्वतःच घ्यावा. यालाच आपण मुहासबा म्हणतो. पवित्र कुरआनच्या सूरह अबसमध्ये माणसाला आपल्या अन्नाकडे दृष्टी टाकण्यास सांगितले आहे : पाऊस कसा कोसळला, जमीन कशी दुभंगली आणि तिच्यातून धान्य, द्राक्षे, भाजीपाला, जैतून व खजूर कसे उगवले. पाहिल्यावाचून खाणे हे गाफिलाचे खाणे होय. ॲप जर या पाहण्यास मदत करीत असेल, तर ते एक उपयुक्त साधन आहे.

एक साधा हिशोब करून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, फळे व भाज्या किमान ४०० ग्रॅम असाव्यात आणि वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत असावी. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे एका बाटलीतच दिवसाची मर्यादा ओलांडली जाते, आणि चहाचे कप तर अजून बाकीच असतात. सूरह अल्-आराफमध्ये खाण्यापिण्याची परवानगी देताना त्याच ओघात अतिरेकाची मनाई केली आहे. प्रेषितांनी (स.) पोट हे भरण्यासाठी सर्वांत वाईट भांडे असल्याचे सांगून, पाठ ताठ ठेवण्यापुरते काही घास पुरेसे ठरविले, त्याहून अधिक खायचेच झाले तर एक भाग अन्नाला, एक भाग पाण्याला आणि एक भाग श्वासाला ठेवण्याची शिकवण दिली. ॲप आकडा सांगते. मर्यादा पाळण्याचे बळ मात्र या शिकवणीतून येते.

येथेच ॲपच्या त्रुटीही लक्षात घेतल्या पाहिजेत.

पहिली त्रुटी अशी की, ॲपला नियत दिसत नाही. आरशातील प्रतिमेसाठी आणि मित्रांत मिरविण्यासाठी केलेले पथ्य, आणि फज्रला उठता यावे, अभ्यास व्हावा, वृद्ध आईवडिलांची सेवा घडावी म्हणून केलेले पथ्य पडद्यावर सारखेच दिसते. अल्लाहजवळ त्यांचे मोल एक नाही, कारण कर्मांचा आधार नियत हा आहे.

दुसरी त्रुटी, आकड्यांची गुलामी. काही विद्यार्थिनी आणि विद्यार्थी वजनाचा काटा खाली यावा म्हणून जेवणच टाळू लागतात. प्रत्येक घासाला अपराधी भावना चिकटते. हाही अतिरेकच होय. हजरत अबू दर्दा (रजि.) दिवसा सतत रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाजात उभे राहत. त्यांचे स्नेही हजरत सलमान (रजि.) पाहुणे म्हणून आले, तेव्हा यजमान सोबत जेवल्याशिवाय अन्नाला हात लावण्यास त्यांनी नकार दिला. पालनकर्त्याचा जसा हक्क आहे तसा स्वतःच्या जीवाचा आणि घरच्यांचाही हक्क आहे, असे त्यांनी समजाविले, प्रेषितांनी (स.) सलमान यांचे म्हणणे खरे ठरविले. इबादतीसाठीसुद्धा शरीराचा हक्क मारण्याची मुभा नाही, तर पडद्यावरील आकड्यासाठी ती कोठून असणार? ज्या भगिनीला वा बंधूला जेवणाचीच भीती वाटू लागली आहे, त्याने ॲप बंद करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. असा सल्ला घेण्यात कमीपणा नाही; औषधोपचार करणे ही प्रेषितांचीच शिकवण आहे.

तिसरी गोष्ट खासगी माहितीची. वजन, आजार, झोप या बाबी आपण ॲपच्या स्वाधीन करतो. ते कोणती माहिती मागते आणि का मागते, हे वाचल्याशिवाय संमती देऊ नये. तसेच पाकिटावरील घटकपदार्थांची यादी स्वतः वाचावी. या यादीत वजनाने सर्वाधिक असलेला घटक प्रथम लिहिलेला असतो; साखर वा तेल आरंभीच दिसले तर पदार्थाची जातकुळी कळते. हलाल-हरामचा निर्णयही केवळ ॲपवर सोडू नये. शंका असल्यास जाणत्या आलिमांना विचारावे. आणि लक्षात ठेवावे की कुरआनने अन्नासाठी हलालसोबत तय्यिब, म्हणजे शुद्ध व हितकर, ही अटही घातली आहे. हलाल मांसाचे असले तरी त्याच त्या तेलात वारंवार तळलेले अन्न या दुसऱ्या कसोटीवर तपासले पाहिजे.

चौथी आणि सर्वांत मोठी त्रुटी म्हणजे ॲप एकट्याचा हिशोब ठेवते. अन्न मात्र एकट्याचे नसते. मेसमध्ये डबा लावण्याइतके पैसे नसलेला, दुपारचे जेवण चहावर भागविणारा सहाध्यायी त्याला दिसत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील मेळघाट बालकांच्या कुपोषणासाठी ओळखला जातो. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवून झोपणाऱ्याच्या ईमानावर प्रेषितांनी (स.) प्रश्न उभा केला आहे, आणि एकाचे अन्न दोघांना पुरते असेही सांगितले आहे. ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ आहे त्या गाडगेबाबांनीही भुकेल्याला अन्न देण्याचाच आग्रह आयुष्यभर धरला. म्हणून ताटातून जे कमी कराल ते दुसऱ्याच्या ताटात कसे जाईल, याचाही विचार करा. तेव्हाच पथ्य हे सदका होईल.

मग करावे काय? प्रेषितांनी (स.) अल्लाहला सर्वाधिक प्रिय कर्म ते सांगितले जे थोडे असले तरी नित्य असते. उत्साहाने घेतलेली ॲपे काही आठवड्यांत विसरली जातात, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून एकच सवय निवडा. थंड पेयाऐवजी पाणी घ्या, अथवा दिवसातून एक फळ खा; वरुड-मोर्शीची संत्री हंगामात आपल्या दाराशीच असतात. चार-सहा खोलीमित्रांनी मिळून ज्वारीची भाकर, वरण आणि पालेभाजी मिळेल असा डबा लावा. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, ते धान्य वऱ्हाडच्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. एकमेकांचे सलमान व्हा. सोबत्याची प्रेमळ आठवण मोबाईलच्या घंटीपेक्षा अधिक टिकते. रमजानमध्ये दिवसभर कमावलेला संयम इफ्तारच्या भज्यांत बुडू देऊ नका. आणि रात्री नोंद करताना स्वतःला एवढे विचारा : आज जे खाल्ले त्याच्या शक्तीने मी कोणते भले काम केले? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ॲपमध्ये नोंदविता येत नाही, पण ज्याच्याकडे सर्व नोंदी आहेत त्याच्याकडे ते नोंदले जाते.

हे अल्लाह! आमच्या तरुणांना हलाल व शुद्ध अन्न दे, अतिरेकापासून आणि उपासमारीपासून त्यांचे रक्षण कर, त्यांच्या शरीरातील बळ तुझ्या आज्ञापालनात व तुझ्या दासांच्या सेवेत खर्च होऊ दे, आणि देणग्यांचा जाब विचारला जाईल त्या दिवशी आम्हा सर्वांना लज्जित करू नकोस. आमीन.